क्लॅनमध्ये कोणाला घ्यायचं?

‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’ या मोबाइल गेममध्ये आमचा एक क्लॅन, म्हणजे मिळून खेळणाऱ्यांचा गट आहे. त्याच्या ग्रुपवर परवा पुन्हा तोच वाद पेटला. नव्या माणसाचा टाउन हॉल, म्हणजे त्याच्या गावातली मुख्य इमारत, अमुक लेव्हलच्या खाली नको, ट्रॉफी इतक्या हव्यात, हिरो पूर्ण अपग्रेड झालेले हवेत. कोणीतरी यादीच करून टाकली. मी क्लॅनचा को-लीडर, म्हणजे लीडरच्या खालचा, आहे, आणि वाचताना लक्षात आलं की या यादीत मी स्वतःच बसत नाही.

क्लॅश ऑफ क्लॅन्समध्ये एका क्लॅनला जागा ५०, त्यामुळे निवड करावी लागणारच. ‘येईल त्याला घ्या, आपलं काय जातंय’ म्हणणाऱ्यांनी एकदा मेंबरांची यादी खालपर्यंत बघावी. डोनेशन (इतरांना दिलेलं सैन्य) शून्य असलेली नावं मोजताना बोटं पुरत नाहीत. पण आमच्याकडे नियमांचा ढीग आहे आणि हा क्लॅन कशासाठी काढलाय यावर एक ओळ नाही. अर्ध्यांना लीगमध्ये, म्हणजे क्लॅनाक्लॅनांच्या स्पर्धेत, वर चढायचंय, अर्ध्यांना दिवसभराची कामं आटोपून दोन घटका टवाळक्या करायच्यात, आणि दोन्ही बाजू एकमेकांना क्लॅन बुडवणारे समजतात.

हे दुखणं जुनंच आहे. अगदी सुरुवातीच्या ऑनलाइन गेमपैकी एक घडवणारे रिचर्ड बार्टल यांनी १९९६ मध्येच अशा खेळाडूंचे चार प्रकार सांगितले होते : काहीतरी मिळवण्यासाठी खेळणारे, नवं शोधत फिरणारे, माणसांसाठी येणारे आणि दुसऱ्याला त्रास देण्यात मजा घेणारे. आमच्याकडे चौथ्या प्रकारातला एकच होता, त्याला काढला. उरलेल्या तिन्ही प्रकारांना एकाच मापाने मोजायचा हट्ट मात्र सुटत नाही.

गेल्या महिन्यातलं वॉर सांगतो. यात दोन क्लॅन एकमेकांच्या बेसवर, म्हणजे गावांवर, हल्ले करून स्टार मिळवतात. एक दिवस तयारी, एक दिवस लढाई, प्रत्येकाला दोन अटॅक. शेवटची दहा मिनिटं उरलेली, आम्ही दोन स्टारने मागे, आणि क्लॅनमधल्या सगळ्यात तगड्या गड्याचे दोन्ही अटॅक शिल्लक. मेसेजवर मेसेज टाकले, काही उत्तर नाही. हरलो. साहेब दुसऱ्या दिवशी दुपारी उगवले आणि विचारतात, "काय रे, जिंकलो का?"

आणि दुसरीकडे आमच्यातला एक शाळकरी पोरगा. बेस रश केलेला, म्हणजे बाकीचं कच्चं ठेवून टाउन हॉल घाईने वाढवलेला, भिंती बघून हसू येईल. पण परीक्षा जवळ आली की स्वतःहून वॉरचं सेटिंग लाल करतो (म्हणजे ‘मला वॉरमध्ये घेऊ नका’) आणि चॅटवर लिहितो, "दादा, दहा दिवस मी नाही." अकराव्या दिवशी हिरवं. वॉरमध्ये असला तर वरच्या बेसवर उडी मारून शायनिंग करत नाही, सांगितलेल्या बेसवर दोन स्टार काढून देतो. नव्या यादीनुसार हा बाहेर जातो आणि दुपारी उगवणारे साहेब राहतात.

असं का होतं, तर गेममध्ये क्लॅनच्या सेटिंगला टाउन हॉलच्या लेव्हलसारखी अट लावता येते. ‘जमणार नसेल तर आधी कळवतो’ अशी अट लावायला बटण नाही. जे बटण आहे तेच आपण नियम म्हणून मिरवतो.

लेव्हल बघूच नका असं मी म्हणत नाही. लीगमध्ये सात दिवस, रोज माणशी एकच अटॅक. तिथे १५ जणांत कोणाला उतरवायचं हे ताकद बघूनच ठरवा, मला बाहेर ठेवलंत तरी चालेल. पण ती झाली टीम निवडणं. मेंबर कोण, हा प्रश्न वेगळा आहे आणि आम्ही दोन्हींचा काला करून ठेवलाय. लीगवाल्यांना फक्त लीगच खेळायची असेल तर तसं क्लॅनच्या माहितीत उघड लिहा. मग गप्पावाले आपोआप दुसरीकडे जातील, कोणाला वाईट वाटायचं कारण नाही.

आणखी एक, जाता जाता. एखाद्याला किक करताना, म्हणजे क्लॅनमधून काढताना, कारण लिहायची सोय गेममध्ये आहे. आम्ही तिथे नुसतं टिंब टाकतो. ज्याने वर्षभर ट्रूप्स डोनेट केले त्याला टिंब!

म्हणून मी ग्रुपवर एवढंच सुचवलंय की नवा माणूस आला की त्याला एकच विचारायचं : ‘वॉरच्या दिवशी अडचण आली तर काय करशील?’ यावर आत्तापर्यंत तीन अंगठे आलेत आणि एक हसणारी स्मायली.

यादीवर मत द्यायला उद्या रात्रीपर्यंत वेळ आहे. त्या पोराने अजून मत दिलेलं नाही. त्याचं सेटिंग सध्या लाल आहे.