‘सायंटिस्ट’ हा शब्द मेरी सॉमरव्हिलसाठी घडवलेला नाही

महिला दिन जवळ आला की एक मजकूर हमखास फिरतो. त्याचा सारांश असा: पूर्वी इंग्रजीत विज्ञानाच्या अभ्यासकाला ‘मॅन ऑफ सायन्स’ म्हणत. १८३४ मध्ये स्कॉटिश विज्ञानलेखिका मेरी सॉमरव्हिल यांचं पुस्तक आलं, बाईला ‘मॅन’ कसं म्हणायचं असा पेच पडला, आणि केंब्रिजचे विद्वान विल्यम ह्यूएल यांनी खास त्यांच्यासाठी ‘सायंटिस्ट’ हा शब्द घडवला. म्हणून जगातली पहिली सायंटिस्ट एक स्त्री होती. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, पण ही हकीकत खरी नाही.

यातलं खरं एवढंच, की हा शब्द ह्यूएल यांनी सॉमरव्हिल यांच्या पुस्तकावर लिहिलेल्या परीक्षणात पहिल्यांदा छापला गेला. हे परीक्षण मार्च १८३४ च्या ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’त निनावी आलं. पण तिथे तो शब्द येतो तो वेगळ्याच काळजीपोटी. विज्ञानाच्या शाखा एकमेकींपासून तुटत चालल्यात, गणिती आणि रसायनवाले एकमेकांकडे पाठ फिरवतात, याची ह्यूएल यांना खंत होती. या सगळ्यांना मिळून एक नावही नाही, असं सांगताना ते ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानाच्या अभ्यासकांच्या संस्थेच्या बैठकांमधली चर्चा देतात. ‘फिलॉसॉफर’ फारच भारदस्त, शिवाय कवी कोलरिज यांचा त्याला विरोध. ‘सावाँ’ (म्हणजे विद्वान) फ्रेंच आणि थोडा मिरवणारा. तेव्हा एका चतुर गृहस्थांनी ‘आर्टिस्ट’च्या धर्तीवर ‘सायंटिस्ट’ सुचवला, पण तो मंडळींना फारसा रुचला नाही. हे गृहस्थ म्हणजे खुद्द ह्यूएलच, असं इतिहासकार मानतात. या चर्चेत स्त्री-पुरुषाचा प्रश्न कुठेच नाही.

बाई असण्याबद्दल ह्यूएल त्याच लेखात पुष्कळ लिहितात, पण निराळ्या ठिकाणी, आणि तिथे ते सॉमरव्हिल यांना सायंटिस्ट म्हणत नाहीत. पुढे १८४० मध्ये आपल्या ग्रंथात त्यांनी हा शब्द गंभीरपणे मांडला. तिथे विज्ञानाच्या अभ्यासकाबद्दल ते लिहितात, की ‘त्याला’ सायंटिस्ट म्हणावं असा माझा कल आहे. स्त्रीसाठी घडवलेल्या शब्दाची ओळख करून देताना पुल्लिंगी सर्वनाम कोण वापरेल?

शब्द लगेच रुळला, असाही काहींचा समज दिसतो. अमेरिकेत तो लवकर चालला. इंग्लंडमध्ये १८९४ मध्येही जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्सली यांना तो ‘इलेक्ट्रोक्यूशन’ (विजेच्या धक्क्याने मृत्यू) या शब्दाइतकाच कर्णकटू वाटत होता, आणि १९२४ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात तो वापरावा की नाही यावर वाद सुरूच होता.

मग ‘पहिली सायंटिस्ट’चं काय? आज आपण न्यूटनलाही सायंटिस्ट म्हणतो, सॉमरव्हिल यांनाही खुशाल म्हणावं. मागच्या काळाला आजचा शब्द लावणं चूक नाही. त्या शब्दाचा जन्म त्यांच्या नावावर मांडणं चूक आहे. मला याचं वाईट वाटतं ते निराळ्या कारणाने. ही दंतकथा त्यांना केवळ एका शब्दाचं निमित्त करून टाकते आणि त्यांचं काम बाजूला राहतं.

फ्रेंच गणिती लाप्लास यांचं खगोलयांत्रिकीवरचं, म्हणजे ग्रहगोलांच्या गतीवरचं, अवघड गणित त्यांनी १८३१ मध्ये स्वतःच्या विवेचनासह इंग्रजीत आणलं. ज्या केंब्रिजमध्ये मुलींना प्रवेशच नव्हता, तिथल्या मुलांना ते पुस्तक अभ्यासाला लावलं गेलं. १८३५ मध्ये खगोलशास्त्रज्ञ कॅरोलिन हर्शल यांच्यासोबत त्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मानद सदस्य झाल्या. आणि ज्या पुस्तकावरून ही सगळी कहाणी सुरू झाली, त्याच्या पुढच्या एका आवृत्तीत त्यांनी लिहिलं, की युरेनसच्या चालीतल्या विसंगतींवरून त्यापलीकडच्या एखाद्या न दिसलेल्या ग्रहाचा ठाव लागू शकेल. नेपच्यूनचं गणित करण्याची कल्पना आपल्याला त्या ओळींवरून सुचली, असं इंग्रज गणिती जॉन काउच ॲडम्स यांनी सांगितल्याचं सॉमरव्हिल यांच्या आत्मचरित्रात नोंदवलेलं आहे.