डबर कुठं गेलं?

खाकी शर्ट, गळ्यात दोरीनं अडकवलेला चष्मा आणि हातात छत्री. एवढ्या भांडवलावर माणूस वेरूळला गाईड ठरतो, हे मला परवा कळलं.

संभाजीनगरचा माणूस वेरूळला आपणहून जात नाही. पुण्याचे पाहुणे आले की जातो. लेणी मंगळवारी बंद असतात, हेसुद्धा पाहुणेच आपल्याला सांगतात. तर पाहुणे सोळा नंबरच्या लेण्यात, म्हणजे कैलास मंदिरात, फोटो काढण्यात गुंतलेले. मी भाच्याच्या पोराला कैलास हलवणारा रावण दाखवत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, "ओ गाईड, जरा मोठ्यानं सांगा की. मागं ऐकूच येईना."

मागं माजलगावकडची अख्खी जीपभर मंडळी. म्होरके पांढऱ्या शुभ्र कपड्यातले, धंद्यानं गुत्तेदार, म्हणजे कंत्राटदार.

"मी गाईड नाही हो."

"असू द्या, पैशाचं नंतर बघू. हे वरून खाली कोरत आणलंय म्हणं?"

"हो. राष्ट्रकूटांचा पहिला कृष्ण, आठवं शतक. अखंड खडकातून..."

"राजाचं राहू द्या. डबर कुठं टाकलं?"

मी गप्प.

"लांबी किती?"

"२७६ फूट." हे मला का पाठ होतं, देव जाणे.

"रुंदी?"

"१५४."

"खोली शंभर धरू." मोबाईल निघाला, बोटं चालली. "शंभर घनफुटाचा एक ब्रास, म्हणजे ४२ हजार ५०४ ब्रास! मंदिराचं वजा करा. तरी हायवाच्या खेपा किती झाल्या? तवा पोकलेन नाही, जेसीबी नाही. मग गेलं कुठं?"

"दोन लाख टन दगड काढला असावा, असा अंदाज सांगतात."

"अंदाजावर बिल निघतंय व्हय? एमबीत काय लिवलंय?"

आता ती मोजमाप-वही मी कुठून आणू? चौतीस लेण्यांत बारा बौद्ध, सतरा हिंदू, पाच जैन, ही माझी पुढची तयारी तशीच घशात राहिली. "गाईड नवा दिसायलाय," असं बायकोला सांगून त्यांनी माझ्या खिशात विसाची नोट कोंबली. वीस! चाळीस रुपये तर नुसतं तिकीट आहे.

खरं सांगू, प्रश्न वाईट नव्हता. त्या गर्दीत कामाबद्दल विचारणारा तो एकटाच. बाकीचे सोंड तुटलेल्या हत्तीला टेकून रील काढत होते. एक पोरगा तर खांबावर किल्लीनं कुणाचं तरी नाव कोरत होता. त्याला हटकलं तर म्हणतो, "काका, आधीच्यांनीबी कोरलंयच की." बाराशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटांच्या रांगेत हा स्वतःला बसवतो! शिट्टीवाला रखवालदार मात्र पायरीवर डबा उघडणाऱ्या एका आजीवर शिट्ट्या मारत होता.

मी त्याच्याकडं तक्रार करायला निघालो, तर वाटेत खरा गाईड आडवा आला. त्यानं नोट पाहिली होती.

"बिल्ला दाखवा," तो म्हणाला. "आमच्या पोटावर का पाय देताय?"

पुण्याचे पाहुणे चार हातांवर उभे होते. सोडवायला एकही पुढं आला नाही. मेहुणीनं व्हिडिओ तेवढा पूर्ण काढला.