खपलीत ग्लुटेन नाही? आधी कणीक धुऊन बघा

आखाजी (अक्षय तृतीया) जवळ आली की आमच्या जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरतो. त्याचं म्हणणं असं: आजोबांच्या गव्हात ग्लुटेन, म्हणजे कणकेला चिकटपणा देणारं प्रथिन, नव्हतं, हरितक्रांतीच्या बुटक्या गव्हात शास्त्रज्ञांनी ते घुसवलं, त्यातून सिलियाक (ग्लुटेनने आतड्याला इजा होते तो आजार) आला आणि खपली हा जुना गहू खाल्ला की तो बरा होतो.

यातल्या शेवटच्या वाक्यामुळे मला लिहावंच लागतंय. नात्यातल्या एका मुलाला सिलियाक आहे. हे वाचून घरच्यांनी त्याला तीन आठवडे खपलीच्या पोळ्या दिल्या. बरं होत आलेलं पोट पुन्हा बिघडलं, वजन उतरलं.

खपलीत ग्लुटेन आहे. साध्या गव्हात ४२ गुणसूत्रं असतात, खपली आणि बन्सी या जुन्या गव्हांत २८. साध्या गव्हातला गुणसूत्रांचा 'डी' संच खपलीत नाही, त्यामुळे त्या संचातून येणारे काही फार त्रासदायक प्रथिनांचे तुकडेही नाहीत, एवढं खरं. पण बाकीचे आहेत आणि सिलियाकच्या आतड्याला तेवढे पुरतात. अशा मुलाला ज्वारी, बाजरी, तांदूळ द्या, आपली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी द्या. फक्त दळण गव्हाच्या गिरणीतलं नको, त्यात गव्हाचं पीठ मिसळतंच.

'बुटक्या गव्हामुळे आजार आला' हे तर तारखांतही बसत नाही. गहू आणि सिलियाकचा संबंध डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० च्या प्रबंधात मांडला. मेक्सिकन बुटक्या गव्हाचं १८,००० टन बियाणं भारतात आलं १९६६ मध्ये.

ग्लुटेन 'घुसवलं' म्हणणाऱ्यांनी याकोपो बेकारींचं नाव ऐकलेलं दिसत नाही. या इटालियन शास्त्रज्ञाने पिठाचा गोळा पाण्यात धुऊन ग्लुटेन वेगळं काढलं, त्याचं वर्णन १७४५ मध्ये छापून आलं. बुटकेपणाची जनुकं जपानी नोरिन-१० या वाणातून आली आणि ती काडीची उंची कमी करतात. भारतात जनुकबदल केलेल्या गव्हाच्या लागवडीला परवानगीच नाही. जर्मनीत १८९१ ते २०१० या काळातले ६० वाण एकत्र पेरून तपासले, तेव्हा ग्लुटेनचं प्रमाण जवळपास तेच निघालं. बदल झाला तो ज्या दोन प्रथिनांनी ग्लुटेन बनतं त्या घटकांत: ग्लायडिन थोडं घटलं, ग्लुटेनिन थोडं वाढलं.

घटकांची ही गोष्ट कळायला आपल्या मांड्यासारखं उदाहरण नाही. सासूबाई लोकवन गहू ओलवून दळतात, पीठ वस्त्रगाळ करतात आणि मिठाचं पाणी घालून इतकं तिंबतात की त्यांच्या दंडाला घाम येतो. मग पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत पसरतो, आणि फाटत नाही. तो ताणला जातो ग्लायडिनमुळे, धरून राहतो ग्लुटेनिनमुळे. पहिलं कमी पडलं तर मांडा आखडतो, दुसरं कमी पडलं तर खापरावर पोचायच्या आतच त्याला भोक पडतं. खपलीच्या पिठाचा मांडा मी करून पाहिला, हातावरच फाटला. ग्लुटेन नव्हतं म्हणून नव्हे. तोच गोळा पाण्यात धुतला तेव्हा मऊ, चिकट लगदा हाती आला, रबरासारखा ताण मात्र त्याला नव्हता. (लोकवन म्हणजे लोक-१, गुजरातेत सणोसऱ्याच्या लोकभारतीत तयार झालेला. आपण 'वन' लावून त्याचं नाव मराठी करून टाकलं.)

म्हणजे विचारायचं ते 'ग्लुटेन किती' एवढंच नाही, 'कसलं' हेही. पावाला घट्ट लागतं, बिस्किटाला सैल, पोळीला मधलं. आणि इथेच जुन्या वाणांची खरी किंमत आहे, जी तो मजकूर मातीमोल करतो. 'नाप हाल' या भारतीय देशी वाणात ग्लुटेन घट्ट करणाऱ्या प्रथिनांतली एक जोडी मुळातच नाही, म्हणून बिस्किटाचा गहू घडवायला तो संकरासाठी वापरला गेला. सी-३०६ हा उंच वाढणारा जुना वाण आजही पोळीच्या प्रतीचा मापदंड धरतात.

संकराचं काम मात्र चिकाटीचं. एकेका फुलातले तीन पुंकेसर चिमट्याने काढायचे, दुसऱ्या वाणाचे परागकण टाकायचे, पुढच्या पिढीतला दाणा मधोमध कापायचा. अंकुर नसलेल्या अर्ध्यातली प्रथिनं तपासायची आणि हवी ती जोडी दिसली, तरच अंकुराचा अर्धा पेरायचा. नवा वाण शेतात यायला अशी कित्येक वर्षं जातात.

म्हणून कुणाच्या कणगीत आजोबांच्या वेळचा बन्सी किंवा खपली उरला असेल, तर तो औषध म्हणून वाटू नका. थोडं बी वेगळं ठेवा, गावाचं नाव आणि पेरणीची वेळ लिहून कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला आपला वाण स्वतःच्या नावावर नोंदवता येतो.