शालेय कबड्डीची फायनल कुणाच्या शिट्टीवर?

शालेय स्पर्धांचा हंगाम आला की मैदानाबाहेर एक वाद ठरलेला: फायनलला पंच कोण? बऱ्याच ठिकाणी उत्तरही ठरलेलंच असतं. जो सगळ्यांत ज्येष्ठ तो, नाहीतर ज्याचा मान राखायचा राहिलाय तो. सत्कार करायचा तर शाल-श्रीफळ द्या ना! फायनल त्यालाच मिळावी ज्याने त्या स्पर्धेत चांगलं काम केलंय.

तालुक्याला पीटीचे सरच पंच असतात आणि त्यांच्याच शाळेचा संघ शेजारच्या मैदानावर खेळत असतो. तिथे माणसंच कमी, चालायचंच. पण जिल्हा आणि विभागाला असोसिएशनचे पंचपरीक्षा पास झालेले लोक येतात. तिथे तरी सकाळी टेबलावर घाईघाईत सामने वाटू नयेत.

निवड करताना नेमकं बघायचं काय? पंच उभा कुठे राहतो ते. बोनस गुण घ्या. समोर सहा किंवा जास्त बचावपटू हवेत, चढाईपटूचा एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकलेला हवा आणि त्या क्षणी मागचा पाय हवेत हवा. हे बघायला पंच बोनस रेषेच्या सरळ रेषेत सरकलेला पाहिजे. मध्यरेषेजवळूनच मान वाकडी करून बघणाऱ्याला पाय रेषेवर की पलीकडे, ते कळत नाही. मग तो समोरच्या पंचाकडे बघतो, समोरचा याच्याकडे, आणि तोवर दोन्ही प्रशिक्षक आत. लॉबीचं, म्हणजे मैदानाच्या दोन्ही कडेच्या पट्ट्यांचंही तेच. स्पर्श झाल्याशिवाय लॉबी खेळात येत नाही, त्यामुळे आधी स्पर्श की आधी लॉबीत पाय, हे त्याच बाजूच्या पंचाला दिसलं पाहिजे. दोन पंचांचं जमलं नाही तर सरपंच, म्हणजे सामन्याचा मुख्य पंच, निर्णय देतो हे खरं, पण एका सामन्यात चार वेळा सरपंचाला उठावं लागलं तर ती जोडीच चुकलीय. म्हणून फायनलला एकेक माणूस निवडू नका, सेमीला सोबत उभी राहिलेली जोडी निवडा.

दुसरी चाचणी बरोबरीची. सामना बरोबरीत राहिला की दोन्ही संघांना पाच-पाच चढाया मिळतात. त्यांत निदान रेषाच (मध्यरेषा आणि बोनस रेषा यांच्यामधली) बोनस रेषाही धरतात, कुणी बाद होऊन बाहेर जात नाही आणि पाच वेगवेगळ्या चढाईपटूंची नावं क्रमाने आधी घ्यावी लागतात. हे पुस्तक न उघडता ज्याला सांगता येत नाही, तो कितीही ज्येष्ठ असो, त्याला फायनल नको.

पंचप्रमुखाने प्रत्येक सामन्यानंतर दोन ओळी लिहून ठेवल्या तरी पुरे. सेमी संपल्यावर त्या बघून सहा नावं ठरवायची: सरपंच, दोन पंच, गुणलेखक, दोन सहाय्यक गुणलेखक. शिवाय एक राखीव. विभागाच्या फायनलला दोन्ही संघांच्या जिल्ह्यातलं यात कुणी नको. नावं दोन्ही प्रशिक्षकांना आदल्या संध्याकाळीच सांगायची, म्हणजे हरकत असेल तर तेव्हाच येते, हरल्यावर नाही.

आणि सहाय्यक गुणलेखकाच्या खुर्चीवर यजमान शाळेची पोरं बसवणं आधी बंद करा. ज्या क्रमाने बाद, त्याच क्रमाने आत, हा हिशोब तिथेच राहतो. तिथे एक नाव मागेपुढे झालं की लोणाचं (अख्खा संघ बाद होण्याचं) गणित फिरतं, आणि शिव्या मात्र पंच खातो.