चंद्र की एसटी?

परत तेच! पृथ्वीभोवती फिरणाऱ्या चंद्राचं दहा सेकंदांचं ॲनिमेशन. 240 फ्रेम, म्हणजे सुटी चित्रं; एकेक फ्रेम रेंडर व्हायला, म्हणजे संगणकानं ते चित्र तयार करायला, चार मिनिटं. म्हणून सोळा तास लॅपटॉप पिठाच्या गिरणीसारखा घरघरला. आणि बघतो तर काय, प्रदक्षिणा संपत आली की चंद्र एसटीसारखा हळू होतो, थांब्यावर टेकतो, मग पुन्हा निघतो! ब्लेंडर या थ्रीडी ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन कीफ्रेममधली (आपण नेमून दिलेल्या दोन जागांमधली) गती मुळात बेझिए असते, म्हणजे सुरुवातीला आणि शेवटी हळू; ती लिनिअर, म्हणजे एकसारखी, करायची. वहीत लाल पेनानं लिहून ठेवलंय. तिसऱ्यांदा विसरलो.

त्यात आई म्हणते, "चंद्र एवढा लांब का रे? जवळ घे की जरा." अगं, मध्ये तीस पृथ्व्या मावतात! खऱ्या मापात ठेवला तर पडद्यावर नुसता काळोख. तोही रेंडर व्हायला चार मिनिटंच घेतो, मेला.