मयताचं अतिक्रमण

कचेरीतून कागद आलाय. विषय: 'विभाग ७, ओळ १२, क्रमांक ३४ येथील मयताने शेजारील राखीव जागेत केलेल्या अतिक्रमणाबाबत.' सदर अतिक्रमण होत असताना आपण काय करत होता, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा. सही, शिक्का, जावक क्रमांक, सगळं जागच्या जागी. मी काय करत होतो? त्याच विभागात खड्डा भरत होतो. मयत काय करत होते? मयत होते.

आमचं गाव नकाशावर शोधू नका, ते कल्पनेतलं आहे. टेकडीच्या या अंगापासून त्या अंगापर्यंत दफनभूमी, आणि कडेकडेने तिची उस्तवार करणारे आम्ही. निम्मं गाव खोदतं, उरलेलं दगड घडवतं, गवत कापतं, नोंदी ठेवतं. पोरं आकडे शिकतात ते ओळींच्या खुंट्यांवरून. गाव रचलेलं आहे म्हणून माती आणि दगड यांचे नियम मात्र रचलेले नाहीत, आणि सगळं दुखणं तिथेच आहे.

तर क्रमांक ३५. ही जागा एका काकांनी स्वतःसाठी राखून ठेवलीय. माणूस धडधाकट, चालणं ताठ, खिशात मोजपट्टी. शेजारच्या ३६ वर काकूंची सोय. काका अधूनमधून जागा बघायला येतात, बांधकाम चाललेल्या घराला भेट द्यावी तसे. या खेपेला आले ते थेट ३४च्या दगडापाशी थांबले. मोबाइल काढला, दगडाच्या कडेला टेकवला.

"दीड अंश," काका म्हणाले.

"काय दीड अंश?"

"हा दगड. माझ्या बाजूला झुकलाय. मोबाइल खोटं बोलणार नाही."

मी सांगितलं, की तीन फुटी दगड दीड अंश कलला तर त्याचा माथा जेमतेम एक इंच सरकतो. प्रत्येक जागा चार फूट रुंद, दगड दोन फुटांचा, म्हणजे दोन्ही अंगांना एकेक फूट मोकळं. दगड अजून स्वतःच्याच हद्दीत आहे.

"आज इंच, उद्या फूट. माझ्या पश्चात कोण बघणार?"

"काका, तुमच्या पश्चात तुम्ही इथेच असणार."

"तेच तर! मी असेन, पण मला बोलता येणार नाही."

यावर काय बोलणार? युक्तिवाद बिनतोड होता. तेवढ्यात त्यांनी दुसरा काढला. "बरं, खाली पाच फूट माझे, हे कागदावर आहे. मग वर किती?" मी म्हटलं, वरचं काही मोजून देत नाहीत. तर म्हणाले, "म्हणजे हवेतली हद्द तुम्ही आखलेलीच नाही. हा तुमचा निष्काळजीपणा." हे त्यांनी मोबाइलमध्ये टिपूनही घेतलं.

मग चपला काढल्या, बाजूला नीट जोडून ठेवल्या आणि काका गवतावर आडवे झाले. हात छातीवर. डोळे मिटून म्हणाले, "पाय उरतात का बघा."

"खड्डा साडेसात फुटांचा घेतो, काका. तुम्ही पावणेसहा."

"पण मला झोपेत पाय पसरायची सवय आहे."

काकू इतका वेळ ३६ वर पदर सावरून उभ्या होत्या. त्या पहिल्यांदाच बोलल्या, "यांना गाडीतही खिडकीजवळची जागा लागते. इथे खिडकी नाही, म्हणून हा सगळा जाच." काकांनी डोळे न उघडता विचारलं, "ओल येते का इथे?"

प्रश्न बाकी खरा जाणत्याचा. ओल येते. मुख्य चिंता तीच असते. खड्ड्याचा तळ भूजलाच्या वर राहिला पाहिजे, म्हणून नव्या विभागात आधी एक चाचणी खड्डा घेऊन तो पावसाळाभर उघडा ठेवून पाहतात. पाणी कुठपर्यंत चढलं त्याची खूण करायची आणि खोली त्याच्या वर ठरवायची. चिकण मातीत तर भूजल खाली असूनही पंचाईत होते: आजूबाजूची माती घट्ट, खड्ड्यातली भुसभुशीत, त्यामुळे पावसाचं पाणी खड्ड्यातच उतरतं आणि हौदासारखं तिथेच राहतं. म्हणून वरची माती उंचवट्याने भरायची आणि ओळीच्या वरच्या अंगाला चर काढून पाणी वळवायचं. हे सगळं मी काकांना उभ्याने सांगितलं, त्यांनी आडव्याने ऐकलं. शेवटी म्हणाले, "मग माझ्या चराचं काम कधी काढताय?"

मी म्हटलं, "घाई काय, तुम्हाला अजून वेळ आहे."

हेच ते वाक्य. कागदाच्या दुसऱ्या परिच्छेदात ते अवतरणचिन्हांत आलंय: 'तुम्हाला अजून वेळ आहे' असे अनुचित उद्गार काढून अर्जदारास मानसिक क्लेश दिल्याचे निदर्शनास आले आहे. आता राखीव जागेवर झोपलेल्या माणसाला याहून शुभ काय बोलायचं असतं?

आता दगड का कलला ते सांगतो, कारण खुलाशाच्या नमुन्यात त्यासाठी दोनच ओळी सोडल्यात. ३५च्या पायथ्याशी झाड आहे. विभाग ७ची माती काळी. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, भेगा पडतात. उन्हाळ्यात झाड मुळांनी पाणी ओढतं, आणि त्याच्या बाजूची माती जास्त वाळते, जास्त आकसते. दगडाच्या बैठकीचा तो कोपरा खाली बसतो आणि दगड झाडाकडे कलतो, म्हणजे ३५कडे. ही जागा काकांनी का निवडली होती? झाडाची सावली आहे म्हणून. झाड तोडायचं का, असं विचारलं तर ताडकन उठून बसले. "सावलीला हात लावायचा नाही!"

लोकांना वाटतं, माती टाकली की काम संपलं. काम तिथे सुरू होतं. साडेसात बाय तीन फूट, खोली पाच. म्हणजे एकशे बारा घनफूट, जवळजवळ पाच टन माती कुदळ-फावड्याने वर काढायची. ती काठापासून किमान दोन फूट लांब टाकायची, नाहीतर ढिगाच्या भाराने काठ ढासळतो, आणि ढासळतो तेव्हा आत माणूस उभा असतो. रेताड जमिनीत तर फळ्या आणि आडवे टेकू लावल्याशिवाय उतरूच नये. खोदलेली माती फुगते, मूळच्यापेक्षा पाव हिश्शाने तरी वाढते. म्हणून खड्डा भरल्यावर ढीग उरतो आणि नातेवाईक एकमेकांकडे बघतात, की यांनी नीट भरलं नाही वाटतं. पेटीच्या वर फूटभर माती हलक्या हाताने, मग सहा-सहा इंचांचे थर देऊन धुम्मसाने ठोकून बसवायची. वर सहा-आठ इंचांचा उंचवटा ठेवायचा. दोन-तीन पावसांत तो बसतो. पुढे कधीतरी पेटीचं झाकण खचतं आणि जमीन पुन्हा एकदा खाली जाते. ही दुसरी वेळ कुणालाच सांगता येत नाही. म्हणूनच भरलेल्या जमिनीवर दगड उभा करायला सहा महिने ते वर्षभर थांबायला सांगतो, चिकण मातीत त्याहून जास्त. पण दगड महिन्याभरात हवा असतो, आणि नंतर वाकडा झाला की विचारणा आम्हाला.

थडग्यांवर जगणारं गाव ही काही आमचीच मिरास नाही. इजिप्तमध्ये नाइलच्या पश्चिम काठाला देर अल-मदिना नावाचं गाव होतं. राजांच्या दरीतली थडगी खोदणारे आणि रंगवणारे कारागीर बायकामुलांसह तिथे राहायचे. त्यांची हजेरी चुनखडीच्या कपच्यांवर लिहीत. दुसऱ्या रामसेस राजाच्या कारकिर्दीतल्या ४०व्या वर्षाची अशी एक हजेरी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि गैरहजेरीची कारणं नावानिशी नोंदलेली आहेत: विंचू चावला, डोळे आले, भावाच्या प्रेताची व्यवस्था करायची होती, बिअर गाळायची होती. गाळायची होती, तर होती. लिहिलं आणि पुढचं नाव घेतलं. तिसऱ्या रामसेसच्या २९व्या वर्षी धान्याचा शिधा थकला, तेव्हा ही मंडळी कामं टाकून देवळांपाशी जाऊन बसली. जगातल्या सगळ्यात जुन्या नोंदलेल्या संपांत त्याची गणना होते. थडगं कलल्याबद्दल तिथे कुणाकडून लेखी मागवल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

आणि अमेरिकेत कोल्मा आहे. सॅन फ्रान्सिस्कोने १९००च्या सुमारास शहरात पुरायला बंदी केली, पुढे आधीच पुरलेल्यांनाही हलवायला लावलं, कारण जमिनीला भाव आला होता. त्यातले बहुतेक दक्षिणेला कोल्मात आले. १९२४ साली त्या गावाला नगराचा दर्जा मिळाला तोच दफनभूमी सांभाळायला. आज जिवंत सुमारे दीड हजार, पुरलेले सुमारे पंधरा लाख. कोल्मात जिवंत असणं मोठं झकास, अशा अर्थाचं त्यांचं बोधवाक्य आहे. मला त्या लोकांचा हेवा वाटतो. एवढे शेजारी असून थट्टा करायची हिंमत राहिलीय. आमच्याकडे ते वाक्य अनुचित उद्गारांत जमा झालं असतं. इंग्रजांनी तर १८५४ साली लंडनहून ब्रुकवुडच्या दफनभूमीपर्यंत खास रेल्वे सुरू केली. पेट्यांनाही पहिला, दुसरा, तिसरा वर्ग. नातेवाइकांना परतीचं तिकीट मिळे, पेटीला फक्त जाण्याचं. काका त्या काळी असते तर पेटीसाठीही परतीचंच मागते, न वापरल्यास पैसे परत या अटीवर.

राग काकांचा नाही खरं तर. काका निदान येतात तरी. राग आहे तो भक्तिभावाने दगडांचा जीव घेणाऱ्यांचा. वर्षातून एकदा येतात, आजोबांचा दगड काळा पडला म्हणून तारेचा ब्रश आणि ब्लीच काढतात. ब्लीचमधले क्षार दगडाच्या छिद्रांत शिरतात, वाळले की त्यांचे खडे होतात, आणि ते आतून पापुद्रे सोडवतात. संगमरवरावर व्हिनेगर किंवा लिंबू ओतलं की पृष्ठभाग फसफसत विरघळायला लागतो; यांना वाटतं मळ निघाला. दगड धुवायला लागतं ते एवढंच: भरपूर स्वच्छ पाणी, मऊ नायलॉनचा ब्रश, लाकडी किंवा प्लास्टिकची पट्टी. आधी दगड चिंब भिजवायचा आणि खालून वर घासत जायचं, म्हणजे वरून ओघळणाऱ्या घाणीचे ओरखडे कोरड्या भागावर उठत नाहीत. जोरदार फवाऱ्याचं यंत्र नको. आणि दगडफूल खरवडू नका. ते वर्षाला मिलिमीटरभर, कधी त्याहूनही कमी वाढतं. थडग्यावर तारीख कोरलेली असते, म्हणून त्यावरचं दगडफूल मोजून शास्त्रज्ञ त्याच्या वाढीचा वेग काढतात, आणि त्या हिशोबाने हिमनदीने मागे टाकलेल्या दगडांचं वय ठरवतात. संगमरवरात बसवलेल्या शिशाच्या अक्षरांचंही तसंच. बसवताना ती दगडाशी सपाट असतात. पावसातल्या आम्लाने संगमरवर झिजतो, शिसं तसंच राहतं, आणि अक्षर जितकं वर आलं तितका दगड गेला. एवढी मोजणी फुकटात चाललेली असते, आणि कुणीतरी पॉलिश पेपर घेऊन येतो.

सिमेंटवाले आणखी वेगळे. तडा दिसला की सिमेंट थापायचं. सिमेंट मऊ दगडापेक्षा कडक, त्यामुळे पुढची फट सिमेंटमध्ये पडत नाही, दगडात पडते. तिथे चुनाच हवा. आत लोखंडी खिळा असेल तर तो गंजून फुगतो आणि दगड उभा चिरतो. बसवताना स्टेनलेस स्टील वापरलं असतं तर ही वेळ आली नसती, पण तेव्हा थोडक्यात भागवायचं असतं. आमचेही लोक धुतल्या तांदळासारखे नाहीत. गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी दगडाच्या पायावर आपटत नेली की ओळीच्या ओळी खालून झिजतात. दगडाभोवतीचं वीतभर गवत हाताने कापा, असं फलकावर लिहिलंय. फलकाचा पायही झिजलाय.

तर आता हुकूम: ३४चा दगड महिनाअखेर सरळ करावा, झाडास इजा पोहोचू नये. दोन बाय तीन फूट, चार इंच जाडीचा ग्रॅनाइट, म्हणजे दीडशे किलो. तो हाताने कुणी धरायचा नाही. तिवई, साखळीची कप्पी आणि पट्टे लावून उचलायचा, बैठक काढायची, खाली सहा इंच खडी ठोकून भरायची, बैठक पाणसळीने बसवायची, दगड ओळंब्याने. सगळं येतं आम्हाला. पण महिनाअखेर म्हणजे ऐन कडक उन्हाळा, माती जास्तीत जास्त आकसलेली. आत्ता सरळ केला तर पावसाळ्यात तो कोपरा फुगून वर येईल आणि दगड उलट्या बाजूला, ३३वर, कलेल. ओल मध्यम असताना करू, असं मी लिहून दिलं. ३४च्या वारसांची संमतीही लागते. त्यांना पाठवलेलं पत्र 'पत्ता अपुरा' म्हणून परत आलंय.

खडीची मागणी चार घमेली होती. कचेरीतून पांढऱ्या रंगाचा अर्ध्या लिटरचा डबा आलाय आणि सोबत चिठ्ठी, की तूर्त ३४ आणि ३५च्या मध्ये हद्दीची रेघ मारून द्यावी. काका मोजपट्टी घेऊन उद्या सकाळी हजर राहणार आहेत.