आठवड्याचा बाजार कडधान्यापासून

आमच्या घरातून दूध-तूप गेल्याला तीन वर्षं झाली. आधी लेकीने सोडलं, मग हळूहळू आम्ही सगळ्यांनीच. "मग खाता तरी काय?" असं बडोद्यातले नातेवाईक अजून विचारतात. मला मात्र अडलं ते बाजारात.

पहिले सहा महिने दर रविवारी मी इथल्या खंडेराव मार्केटातून दोन पिशव्या भरून भाजी आणायचे. 1906 सालची ती सयाजीराव महाराजांच्या वेळची इमारत, पुढे महापालिकेची कचेरी, मागे भाजीबाजार. तिथे गेलं की हात आवरत नाही. मेथीच्या चार जुड्या, पालक, वांगी, जे टवटवीत दिसेल ते. बुधवारी मेथी सोडावी तर आत पिवळी, देठापाशी चिकट. गुरुवारी पानात बटाटा. डबे कडधान्याने भरलेले, पण भिजत काहीच घातलेलं नाही! त्याच सुमारास सासूबाईंना फार थकवा यायला लागला. रक्त तपासलं तर बी-12 कमी. वनस्पतीतून ते भरवशाने मिळत नाही हे मला आधीच कळायला हवं होतं. आता बी-12च्या गोळ्या आमच्या वाणसामानाच्या यादीत सगळ्यात वर असतात, मिठाच्याही आधी.

माझं ठाम मत झालंय, की यादी भाजीपासून करायचीच नाही. शनिवारी रात्री आधी ठरवायचं, कुठल्या दिवशी काय भिजणार. चवळी रात्री घातली की सकाळी तयार. वालाला मोड यायला दोन दिवस लागतात, वर सोलायचं काम, म्हणजे रविवारी भिजवले तर डाळिंब्यांची उसळ बुधवारी. मग त्याच्याभोवती भाजी बसवायची. पालेभाजी सोमवार-मंगळवारीच संपवायची, म्हणून डाळमेथी सोमवारी. दुधी-चणाडाळ, कोबी, सुरण, लाल भोपळा शेवटाकडे, ते थांबतात.

यादीत एक ओळ मी कोरी ठेवते. थंडीत भाजीवाली पाटी पुढे सरकवून म्हणते, "बेन, आजे पापडी लई जाव," म्हणजे आज पापडीच्या शेंगा घेऊन जा, किंवा तुरीचे लीलवे, म्हणजे ओले दाणे, कोवळे आलेले असतात. त्या ओळीत ते बसतं आणि दुसरी एक भाजी राहते.

गहू आणि तूरडाळ आम्ही उन्हाळ्यातच हाथीखान्याच्या धान्यबाजारातून वर्षाची भरतो, डाळीला एरंडेल लावून. त्यामुळे आठवड्याला ताजं तेवढंच, शिवाय शेंगदाणे आणि तीळ. तिळावर मी कधीच काटकसर करत नाही. न सोललेल्या 100 ग्रॅम तिळात 900 मिलीग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, नाचणीत साधारण 350. दूध बंद केलेल्या घरात तिळाची चटणी रोज पानात हवीच, पोळीला तीळ लावा, भाजीत कूट घाला. बदामाच्या दुधाचे महाग खोके आणि पाकिटातलं चीज मी आणत नाही. आपल्या पिठल्याला, आमटीला, उसळीला, थालीपिठाला त्यांची गरज कधी पडली होती?

एक विचारायचं राहिलं. शेंगदाण्याच्या दुधाला हिरव्या मिरचीच्या देठांचं विरजण लावून मी दही करते. थंडीत छान लागतं, पण मे महिन्यात कढीला घ्यावं तोवर आंबून जातं. कुणी उन्हाळ्यात हे नीट जमवलं असेल तर किती वेळ ठेवता, ते लिहा. सासूबाईंना कढी फार आवडते.